नवा ॲक्सेस पॉइंट लावला आणि घरचं नेट बिघडलं: कुठून तपासायला सुरुवात करायची

ॲक्सेस पॉइंट म्हणजे मुख्य राउटरला वायरीनं जोडून घरात वाय-फाय आणखी लांब पोचवणारा डबा. नव्या ॲक्सेस पॉइंटच्या तक्रारी दरवेळी वेगळ्या शब्दांत येतात, पण मुळात त्या ठरलेल्याच आहेत. आपली तक्रार आधी या यादीत शोधा.

- रेंजच्या काड्या पूर्ण, पण फोन म्हणतो ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’.
- फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या ओळीवरच अडकतो आणि शेवटी सुटून जातो. (आयपी पत्ता म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाचा ओळखीचा आकडा.)
- पहिल्या दिवशी सगळं सुरळीत, दुसऱ्या दिवसापासून एकेक उपकरण बंद पडत जातं. त्यातली काही तर नव्या ॲक्सेस पॉइंटवर नसतातच, जुन्या राउटरवर असतात.
- ॲक्सेस पॉइंट चालतो, पण त्याचं सेटिंगचं पान काही केल्या उघडत नाही. किंवा त्याचं म्हणून उघडलं तर समोर जुन्या राउटरचं पान येतं.
- वायर खोचली की दोन-चार सेकंदांत सगळ्या घराचं नेट ठप्प. वायर काढली की परत चालू.
- नेट चालतं, पण वेग ९३-९४ मेगाबिटच्या वर सरकत नाही.
- ॲक्सेस पॉइंट मधूनच आपोआप बंद होऊन चालू होतो, विशेषतः जास्त माणसं जोडलेली असताना.
- फोन, लॅपटॉप जोडले जातात. प्रिंटर, स्मार्ट बल्ब, जुना टीव्ही जोडला जात नाही.
- नव्या ॲक्सेस पॉइंटखाली उभं राहूनही फोन लांबच्या जुन्या राउटरलाच चिकटून बसतो.

यातल्या शेवटच्या दोन सोडल्या, तर बाकीच्यांचा वाय-फायच्या लहरींशी जवळजवळ संबंध नाही. नव्या डब्यातला रेडिओ खरंच खराब निघाला असं फार क्वचित होतं. दोष मागच्या वायरीत असतो, विजेत असतो, नाहीतर ‘घरात पत्ते कोण वाटतंय’ या गोंधळात असतो. तरी बहुतेक जण पहिला तास चॅनल बदलण्यात आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात घालवतात. खालचा क्रम म्हणूनच असा लावलाय: आधी फुकटातलं, मग वायर-अडॅप्टर बदलून बघण्यासारखं, आणि सगळ्यात शेवटी शिडी लागणारं काम.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पाळा. एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केलेत तर कशानं सुटलं हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरी जास्त महत्त्वाची: मुख्य राउटरचं रीसेटचं बटण दाबू नका. बऱ्याच जोडण्यांमध्ये इंटरनेट कंपनीनं दिलेलं युजरनेम, पासवर्ड, कधी व्हीलॅनचा (एकाच वायरीवरची जाळी वेगळी ठेवणारा) आकडा त्या राउटरमध्ये भरलेला असतो. रीसेट केलं की ते पुसलं जातं आणि अर्धं चालणारं नेट पूर्ण बंद पडतं. नवा ॲक्सेस पॉइंट मात्र हवा तितक्या वेळा रीसेट करा, त्यानं काही बिघडत नाही.

ॲक्सेस पॉइंट काढून बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि हीच सर्रास गाळली जाते. ॲक्सेस पॉइंटची नेटवर्क वायर काढा, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मुख्य राउटरच्या वाय-फायवर नेट चालतंय का बघा. नाही चाललं तर दोष ॲक्सेस पॉइंटचा नाही. इंटरनेटच गेलेलं आहे आणि योगायोगानं त्याच दिवशी तुम्ही नवा डबा लावलाय.

मोबाइल डेटा बंद करायचा तो पुढची सगळी तपासणी संपेपर्यंत. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की आजकालचे फोन गुपचूप डेटावर जातात. मग ‘चालतंय की’ असं वाटतं, आणि सेटिंगचं पान मात्र उघडत नाही, कारण फोन घरच्या जाळ्यावर नसतोच.

क्रमानं बंद-चालू करा, आणि थांबा

आधी मोडेम, मग राउटर, मग स्विच (एका वायरीच्या अनेक जोडण्या करणारी पेटी) असेल तर तो, शेवटी ॲक्सेस पॉइंट. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं द्या. क्रम पाळायचं कारण असं की मागचं यंत्र पत्ता द्यायला तयार नसताना पुढचं चालू झालं, तर काही ॲक्सेस पॉइंट पत्ता मागून दमतात आणि स्वतःच्या कारखान्यातल्या ठरीव पत्त्यावर जाऊन बसतात.

इथे आणखी एका गोष्टीनं माणसं फसतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं नाव लगेच दिसतं, ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं दिसत नाही, आणि ‘५ चा रेडिओ गेलाय’ असा निष्कर्ष निघतो. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यांवर बोलण्याआधी ॲक्सेस पॉइंटला निदान ६० सेकंद गप्प राहून आसपास रडार आहे का ते ऐकावं लागतं. मध्येच रडारची चाहूल लागली तर तो चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे डबा नादुरुस्त नाही, नियम पाळतोय. विमानतळाजवळ किंवा हवामान रडारच्या टप्प्यात राहत असाल तर ३६ ते ४८ यांतला एखादा चॅनल कायमचा ठरवून टाका.

वीज नीट पोचतेय का

साधा अडॅप्टर असेल तर तो डब्यासोबत आलेलाच आहे ना, एवढं बघा. पिन सारखी दिसते म्हणून जुन्या राउटरचा अडॅप्टर लावलेला असतो. व्होल्ट जुळतात पण अँपिअर कमी पडतात. मग दिवा लागतो, वाय-फायचं नाव दिसतं, आणि चार जणांनी एकदम व्हिडिओ लावला की डबा रीस्टार्ट होतो.

नेटवर्कच्या वायरीतूनच वीज जात असेल, म्हणजे पीओई असेल, तर इंजेक्टरकडे, म्हणजे वायरीत वीज सोडणाऱ्या डबीकडे, बघा. त्या छोट्या डबीवर दोन भोकं असतात: एकावर ‘पीओई’, दुसऱ्यावर ‘लॅन’ किंवा ‘डेटा’. पीओईमधून निघालेली वायर ॲक्सेस पॉइंटकडे जाते, लॅनमधली राउटर किंवा स्विचकडे. उलटी लागली असेल तर ॲक्सेस पॉइंट मेलेला दिसतो. पन्नास पायऱ्यांच्या तपासणीआधी ही दोन टोकं बघा. अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाइलचा टॉर्च लागतो.

स्विचमधून वीज देत असाल तर मानक कोणतं ते तपासा. ८०२.३ एएफ हे २००३ चं मानक स्विचच्या टोकाला १५.४ वॅट देतं, वायरीत होणारी घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटची हमी. त्यानंतरचं ८०२.३ एटी ३० वॅट देतं, उपकरणाला २५.५. एटी मागणारा ॲक्सेस पॉइंट एएफच्या स्विचवर लावला तर तो बहुतेकदा चालू होतो, आणि तिथेच घोळ आहे: काही डबे वीज वाचवायला एखादा रेडिओ बंद ठेवतात, काही ताकद कमी करतात, काही भार आला की रीस्टार्ट होतात. ‘चालू आहे म्हणजे वीज पुरेशी आहे’ हे गृहीत धरू नका.

पॅसिव्ह २४ व्होल्टचा प्रकार वेगळा आणि जरा धोक्याचा. मानक स्विच आधी समोरच्या उपकरणाला विचारतो आणि मगच वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर विचारत नाही, सरळ सोडतो. त्यामुळे २४ व्होल्ट पॅसिव्ह मागणारा डबा मानक स्विचवर चालूच होत नाही. उलट पॅसिव्ह इंजेक्टरची वायर चुकून लॅपटॉपमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या पोर्टात गेली, तर ते पोर्ट जळू शकतं. डब्यावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय इथे अंदाज नको.

पत्ता वाचा: निम्म्या तक्रारी इथेच सुटतात

आता खरं काम. पैसा लागत नाही, फक्त चार ओळी वाचायच्या असतात.

बंद पडलेल्या फोनमध्ये वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा. आयपी पत्ता आणि गेटवे (बाहेर इंटरनेटकडे जायचं दार) या दोन ओळी बघा. आयफोनमध्ये गेटवेच्या जागी ‘राउटर’ असं लिहिलेलं असतं. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’, जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘ऑल’ हे इंग्रजीत टाका (ipconfig /all). तिथे आणखी एक मोलाची ओळ मिळते: ‘डीएचसीपी सर्व्हर’. डीएचसीपी म्हणजे पत्ते आपोआप वाटायची सोय. तुम्हाला पत्ता नेमका कोणी दिला, त्याचं नावगाव तीच सांगते.

उदाहरणादाखल मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरू. आता काय दिसतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय? म्हणजे कोणीच पत्ता दिला नाही; उपकरणानं वाट बघून स्वतःच एक घेतला. ॲक्सेस पॉइंटपासून राउटरपर्यंतचा रस्ता कुठेतरी तुटलाय. वायरीच्या भागाकडे जा, किंवा व्हीलॅनच्या.

पत्ता १९२.१६८.१ चाच आहे, पण गेटवे किंवा डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१ सोडून दुसराच? मग नवा डबाही पत्ते वाटतोय. तुम्ही राउटरच ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला असेल तर ही शक्यता सगळ्यात मोठी.

पत्ता वेगळ्याच गटातला, समजा १९२.१६८.० मधला? मग नवा डबा राउटर म्हणून चालू आहे आणि आपल्यामागे वेगळं जाळं उभारून बसलाय. नेट कदाचित चालेलही, पण या जाळ्यातल्या फोनला त्या जाळ्यातला प्रिंटर दिसणार नाही.

सगळं बरोबर दिसतंय, तरी नेट नाही? मग पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ping’ आणि पुढे पत्ता टाकून उत्तर येतं का बघा. आधी १९२.१६८.१.१ ला, मग ८.८.८.८ ला (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). पहिल्याकडून उत्तर नाही तर दोष घरात. पहिल्याकडून आहे, दुसऱ्याकडून नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे. दोन्हींकडून आहे पण वेबसाइट उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता चुकलाय. ॲक्सेस पॉइंटमध्ये किंवा फोनमध्ये कोणीतरी हातानं भरून ठेवलेला असतो.

एका घरात दोन कारभारी

वरच्या यादीतली ‘काल चालत होतं, आज नाही’ ही तक्रार इथली आहे. ती कशी घडते ते समजून घ्यायला हवं, कारण नेमकी हीच सगळ्यात जास्त चकवते.

घरच्या जाळ्यात पत्ते वाटणारा एकच हवा. दोन झाले की नवं उपकरण ‘मला पत्ता द्या’ असं सगळ्यांना ओरडून विचारतं आणि बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतं. नव्या डब्याचा घेतला तर गेटवे म्हणूनही त्याचंच नाव मिळतं, आणि त्याच्याकडे तर बाहेर जायचा रस्ताच नसतो. म्हणून काड्या पूर्ण, इंटरनेट शून्य.

मग पहिल्या दिवशी सगळं चाललं कसं? पत्ता ठराविक मुदतीसाठी मिळतो. अनेक राउटरमध्ये ती २४ तास असते. मुदत निम्मी सरली की उपकरण आधी ज्यानं पत्ता दिला त्यालाच विचारून ती वाढवून घेतं. त्यामुळे आधीपासून जोडलेली उपकरणं जुन्याच कारभाऱ्याकडे राहतात. जे बंद होऊन पुन्हा चालू होतं, घराबाहेर जाऊन परत येतं, ते नव्याच्या हाती लागू शकतं. सकाळी कामावर गेलेला फोन संध्याकाळी परत आला की बिघडतो, कधीच न हललेला टीव्ही चालत राहतो. मग टीव्ही चांगला आणि फोन खराब अशी घरात चर्चा सुरू होते. फोनला काही झालेलं नसतं.

इलाज सोपा आहे. नव्या डब्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवडा. मग डीएचसीपी आपोआप बंद होतं. ‘रिपीटर’ हा मोड निवडू नका, तो वायरीशिवाय जोडण्यासाठी आहे. असा मोडच नसलेला जुना राउटर वापरायचा असेल तर तीन गोष्टी हातानं करा, आणि याच क्रमानं. लॅपटॉप फक्त त्या डब्याला वायरीनं जोडा, घरच्या जाळ्याला नाही. डीएचसीपी बंद करा. मग त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला, समजा १९२.१६८.१.२. हा पत्ता मुख्य राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा हवा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर २ चालतो. पत्ता बदलला की पान तुटतं, घाबरू नका, नव्या पत्त्यावर उघडतं. डीएचसीपी बंद असल्यानं लॅपटॉपला त्याच गटातला एखादा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, तेवढ्यापुरता हातानं द्यावा लागतो. काम झाल्यावर तो परत ‘आपोआप’ वर ठेवायला विसरू नका.

शेवटी घरच्या जाळ्याची वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावा. वॅनच्या नाही. वॅन सहसा वेगळ्या रंगाचं असतं आणि ‘इंटरनेट’ लिहिलेलं असल्यामुळे हात आपसूक तिकडेच जातो. त्यात लावली तर राउटर मोडमधला डबा मधे भिंत उभी करतो. अपवाद एकच: नव्या डब्यात खरा ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर बहुधा कुठलंही पोर्ट चालतं, पण पुस्तिकेत बघून घ्या.

सेटिंगचं पान उघडलं तर जुनाच राउटर समोर येतो, ही तक्रारही याच घरातली. दोघांचाही कारखान्यातला पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि कोण उत्तर देईल हा नशिबाचा भाग होतो. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी’, जागा सोडून आडवी रेघ आणि ‘ए’ इंग्रजीत टाका (arp -a). १९२.१६८.१.१ समोर बारा अक्षर-अंकांचा एक भौतिक पत्ता दिसेल. तो डब्याखालच्या स्टिकरशी ताडून बघा. शेवटचा एखादा अंक इकडेतिकडे असू शकतो, पण सुरुवातीची अक्षरं कोणत्या डब्याची आहेत ते लपत नाही. भुताटकी वाटणारा प्रकार दोन मिनिटांत संपतो.

लावताच सगळं ठप्प: फेरा पडलाय

स्विचचे सगळे दिवे एका लयीत, न थांबता लुकलुकतायत आणि कोणाचंच नेट चालत नाही, तर जाळ्यात फेरा तयार झालाय. एकच निरोप गोल गोल फिरत वाढत राहतो आणि बाकी कशालाच जागा उरत नाही. कारणं दोनच. एक तर एका वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये आहेत. भिंतीतल्या दोन जॅकमधून गेलेली असली तर हे डोळ्यांना दिसत नाही. नाहीतर ॲक्सेस पॉइंट वायरीनंही जोडलाय आणि मेशनं किंवा रिपीटर म्हणून वाय-फायनंही. एकेक वायर काढत जा; जिथे दिवे शांत होतात ती वायर धरा.

वायर

आतापर्यंत सुटलं नसेल तर ॲक्सेस पॉइंट खाली उतरवा, राउटरच्या शेजारी ठेवा आणि चांगल्या, छोट्या, कारखान्यात बनवलेल्या पॅच कॉर्डनं जोडा. तिथे नीट चालला तर डबा निर्दोष, वायर दोषी. ही एक चाचणी पुढचे सगळे तर्क वाचवते.

वेग ९३-९४ वर अडकला असेल तर ही चाचणी आधीच करायला हवी होती. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यांतल्या चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी सुटली तरी जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. ॲक्सेस पॉइंटच्या स्थितीच्या पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १०० दिसलं तर वाय-फायला हात लावू नका. पोर्टंच १०० ची आहेत का ते एकदा बघा, नाहीतर वायर.

हातानं क्रिंप केलेला जॅक उजेडात धरून समोरून बघा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची तांब्याची टोकं अगदी पुढच्या कडेला टेकलेली दिसायला हवीत. कडेची तपकिरी तार दोन मिलिमीटर मागे राहिलेली असते, हा नेहमीचा दोष. दुसरा असा की बाहेरचं जाड आवरण जॅकच्या आत दाबलंच गेलेलं नसतं. मग वायर जरा हलली की सगळा ताण तारांवर येतो. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा, टी ५६८ ए किंवा बी, पण दोन्हीकडे तोच.

वायर स्वस्तातली घेतली असेल तर आवरणावर ‘सीसीए’ लिहिलंय का बघा. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. डेटा जाईल, पण पीओईसाठी वाईट: रोध जास्त, व्होल्ट वाटेत पडतात, वायर तापते. लांब अंतरावर ॲक्सेस पॉइंट रात्री चालतो आणि दिवसा भार वाढला की बसतो, असं दिसलं तर ही शंका घ्या. चांगल्या तांब्याच्या वायरीलाही एकूण १०० मीटरची मर्यादा आहेच.

काही उपकरणं जोडलीच जात नाहीत

इथे पहिल्यांदा वाय-फायच्या सेटिंगला हात लावायचा. नवे ॲक्सेस पॉइंट कधी कधी फक्त डब्ल्यूपीए-३ या सुरक्षेच्या नव्या प्रकारावर येतात. जुने प्रिंटर, बल्ब, टीव्ही यांना ते समजत नाही. त्यांना पासवर्ड बरोबर दिला तरी ते ‘चुकीचा’ म्हणतात. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र ठेवा. तरी नाही झालं तर डब्ल्यूपीए-२ आणि एईएस. त्याखाली जाऊ नका. टीकेआयपी हा जुना प्रकार निवडलात तर सुरक्षा तर कमी होतेच, वेगही ५४ मेगाबिटच्या आत अडकतो.

स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, म्हणून तो पट्टा बंद ठेवू नका. वेगवान रोमिंग, म्हणजे ८०२.११ आर, चालू असेल तर बंद करून बघा. काही जुनी उपकरणं ते पाहूनच मागे फिरतात. राउटरमध्ये मॅक फिल्टर (भौतिक पत्ता बघून ठराविक उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावलेला असेल तर आजचे फोन दर जाळ्यासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात हे लक्षात ठेवा. कालच्या यादीत त्यांचं नाव सापडणार नाही.

प्रिंटर जोडला जातो पण फोनला दिसत नाही? दोन्हींचे पत्ते एकाच गटातले असतील तर बहुधा ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘गेस्ट नेटवर्क’ (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू आहे. बंद करा.

फोन जुन्यालाच चिकटतो

कुठल्या ॲक्सेस पॉइंटवर जायचं हे फोन ठरवतो, ॲक्सेस पॉइंट नाही. हे एकदा पटलं की निम्मा राग जातो. दोन्हींचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी सारखा ठेवा. चॅनल मात्र वेगळे, २.४ मध्ये १, ६, ११ यांतलेच, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. मग दोन्हींची ताकद कमी करा. हो, कमी. ॲक्सेस पॉइंट मोठ्यानं ओरडला तरी फोनचा आवाज लहानच असतो. फोनला लांबचा राउटर ऐकू येतो म्हणून तो सोडत नाही, पण राउटरला फोन धड ऐकू येत नाही. ताकद मध्यमवर आणली की फोन वेळेत हात सोडतो.

जागेबद्दल थोडक्यात: खोलीच्या छताला आतून लावायचा डबा भिंतीवर उभा लावू नका, त्याची पसरण खालच्या बाजूला आखलेली असते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे नको.

व्हीलॅन, फर्मवेअर, आणि शेवटी रीसेट

वाय-फायच्या नावाला व्हीलॅनचा आकडा दिलेला असेल आणि मधल्या स्विचला किंवा राउटरला तो माहीत नसेल, तर फोन जोडला जातो, पत्ता मिळत नाही. घरात मुद्दाम व्हीलॅन केलेले नसतील तर ती चौकट रिकामी ठेवा.

फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करायचं तर लॅपटॉप वायरीनं जोडून. वाय-फायवरून केलं आणि मध्येच तुटलं तर डबा कायमचा जाऊ शकतो. त्यानंतरही जमलं नाही तर ॲक्सेस पॉइंट रीसेट करा: चालू असताना पिननं साधारण दहा सेकंद, दिव्याची लय बदलेपर्यंत. मग एकच नाव, डब्ल्यूपीए-२, बाकी काही नाही, इतकंच ठेवून बघा.

कुठे थांबायचं

राउटरशेजारी, चांगल्या छोट्या वायरीनं, रीसेट करूनही ॲक्सेस पॉइंट चालत नसेल तर थांबा. तो वॉरंटीत बदलून घ्या. उघडून बघितलात तर वॉरंटी जाईल.

ॲक्सेस पॉइंट काढल्यावरही नेट नसेल, किंवा मोडेमवर फायबरचा लाल दिवा असेल, तर इंटरनेट कंपनीला फोन करा. फायबरची वायर काढून पुसू नका, तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

दोष भिंतीतल्या किंवा छतातल्या वायरीत आहे असं सिद्ध झालं तर नेटवर्कची वायरिंग करणाऱ्याला बोलवा. त्याच्याकडे टेस्टर असतो आणि वायर किती मीटरवर तुटली तेही सांगणारी यंत्रं मिळतात. तुम्ही फक्त अंदाजानं भिंत फोडाल. विजेच्या तारांच्याच नळीतून नेटवर्कची वायर गेली असेल, डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, जळकट वास येत असेल, तर आधी मेन स्विच बंद आणि मग इलेक्ट्रिशियन. गच्चीवरून किंवा इमारतीबाहेरून वायर नेली असेल आणि वीज कडाडल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर तेही स्वतः हाताळायचं काम नाही.

येणाऱ्या माणसासाठी तीन फोटो काढून ठेवा: बिघडलेल्या लॅपटॉपवरचं आयपीकॉन्फिगचं पान, स्विचचे दिवे, आणि ॲक्सेस पॉइंटखालचा स्टिकर. आणि तो येणार म्हणून आदल्या रात्री पुन्हा काही बदलू नका. दोष आहे तसा त्याला दिसू द्या.